परतीचा काटा

ही गोष्ट रात्रीची नाही.

आधीच सांगून ठेवतो, कारण भुताचं नाव काढलं की लोक अमावस्या आणि वडाचं झाड शोधायला लागतात. यात तसलं काही नाही. हे घडलं भर दुपारी सव्वा वाजता, लख्ख उन्हात, पत्र्याच्या छपराखाली. साल १९६४. मार्गशीर्षातला गुरुवार. जागा मुळशी तालुक्यातलं घोटावडे, गावापासून चांदे गावाच्या अंगाला अर्ध्या कोसावरची एक शेड.

ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल वाटून घ्यावं. माझं काही अडलेलं नाही.

ज्यांच्या बाबतीत घडलं ते माझे सख्खे चाचा, कमरुद्दीन. पौडात आमचं घर. चाचांनी ही हकीकत मला तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. तिन्ही वेळा ते रडले. सत्तरी ओलांडलेला माणूस थापा मारताना रडत नाही, एवढी अक्कल मला आहे.

आधी शेडमधलं काम समजून घ्या.

माणसाएवढी लांब, जाड काचेची एक नळी. पंपाने तिच्यातली हवा काढायची आणि थोडा हायड्रोजन सोडायचा. नळीभोवती तांब्याचं वेटोळं. लष्कराच्या लिलावातून आणलेला एक ट्रान्समीटर त्या वेटोळ्यात रेडिओच्या लहरी ओतायचा. लहरींनी आतला वायू तापायचा, इतका की नळी पेटल्यासारखी उजळायची. साहेब त्याला प्लाझ्मा म्हणायचे. गावातले लोक सरळ जाळ म्हणायचे. सूर्याच्या पोटात आहे तीच ही आग, ती नीट तापवता आली की देशाला कोळसा नको की धरण नको, असं साहेबांचं म्हणणं होतं.

साहेब म्हणजे डॉक्टर सबनीस. पुण्याचे, विलायतेत शिकून आलेले. चाचा पलटणीत वायरलेसवर होते, म्हणून ट्रान्समीटर सांभाळायला साहेबांनी त्यांना ठेवलं.

पण साहेबांचा जाळ काही तापत नव्हता.

ओतलेल्या लहरींपैकी निम्म्याहून जास्त लहरी नळीवरून आपटून माघारी यायच्या. किती माघारी आल्या ते दाखवणारं एक मीटर होतं. चाचा त्याला परतीचा काटा म्हणायचे. काटा वर चढला म्हणजे मेहनत पाण्यात. काटा शून्यावर बसला म्हणजे सगळी ताकद जाळात गेली. तो खाली आणायला एक खास कंडेन्सर हवा होता. तो परदेशातून निघाला होता आणि कुठल्याशा कागदावाचून सात महिने मुंबईच्या बंदरात पडून होता.

सात महिने साहेबांच्या डोक्याला शांती नव्हती.

आणि एका दुपारी गेणबा आत आला.

गेणबा घोटावड्याचाच. शेडची राखण करायचा, पाणी भरायचा. चाळिशीचा, सडपातळ, स्वभावाने गरीब. पाण्याची कळशी घेऊन तो आत आला आणि जाळ बघत नळीजवळच्या कोपऱ्यात थबकला. अनवाणी. पायाखाली ओलं गोणपाट.

काटा... सरसर खाली आला.

शून्य.

नळीतला गुलाबी उजेड निळा झाला, मग पांढराशुभ्र. सात महिन्यांत तसा जाळ कोणी पाहिला नव्हता.

गेणबा कळशी ठेवायला हलला. काटा वर. परत कोपऱ्यात आला. काटा खाली.

रेडिओजवळ हात नेला की स्टेशन हलतं, हे आपण पाहिलेलं असतं. माणसाच्या अंगाचा लहरींवर परिणाम होतो तो असा. गेणबाचं अंग, त्याची उंची, ते ओलं गोणपाट, तो कोपरा, सगळं नेमकं जुळून आलं होतं. कंडेन्सरचं काम हा माणूस नुसता उभा राहून करत होता. साहेबांचं तिकडे लक्ष नव्हतं. चाचांचं होतं.

"मीच दाखवलं रे साहेबांना," चाचा मला म्हणाले. "हौसेनं दाखवलं."

साहेबांनी मग चाचांना उभं करून पाहिलं. जमलं नाही. चाचा सहा फुटी, आडदांड. गेणबालाच जमायचं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याच्या पावलांभोवती पांढऱ्या रंगाने रेघ मारून घेतली आणि त्याचं रोजचं काम ठरलं. दुपारी एक ते तीन, कारण तेव्हा विजेचा दाब स्थिर असायचा. दोन मिनिटं जाळ, दहा मिनिटं विसावा, पुन्हा दोन मिनिटं.

साहेब म्हणायचे, "गेणबा, उभा राहा."

झालं की म्हणायचे, "गेणबा, बाजूला हो."

मधल्या वेळात हलायचं नाही. खोकायचं नाही. एकदा चाचांनी दया येऊन मध्येच बाजूला हो म्हटलं, तर गेणबा जागचा हलला नाही आणि साहेब चाचांवरच उखडले. इथे हुकूम एकाचाच चालेल, म्हणाले. गेणबाने ते मनात पक्कं धरलं.

आणि खरं सांगू? त्याला त्याचा मोठा अभिमान वाटायचा. माझ्याबिगर सूर्य पेटत न्हाई, असं तो गावभर सांगायचा. पारावरची टवाळ मंडळी त्याला सूर्याजीराव म्हणायला लागली, तर हा बाबा त्यावरही खूश.

महिन्याभराने तो म्हणायला लागला, आतून ऊब लागतीया.

मग कानात गुणगुण राहू लागली. शेड बंद असली तरी.

मग डोळ्यांत सारा आला, बुबुळांवर पांढरा पडदा. आधी उजव्या, मग डाव्या. दिवाळीपर्यंत त्याला धड दिसेना, चाचा हाताला धरून त्याला पावलांच्या खुणेवर नेऊन उभं करायला लागले. कातडी मात्र धडधाकट. कुठे फोड नाही, डाग नाही. त्याची बायको रंभाबाई रात्री तेल लावायची. ती एकदा शेडवर येऊन चाचांना म्हणाली होती, की भाई, ह्यांचा दंड दाबला की आतलं मांस शिजल्यागत लागतंय.

चाचांनी ते ऐकलं. आणि तोंडाला कुलूप लावून बसले.

का बसले? नोकरी होती म्हणून. साहेबांची भीती होती म्हणून. आणि तो पांढरा जाळ... तो बघायची चाचांनाही चटक लागली होती. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, नाहीतर माझी काय बिशाद माझ्या चाचांबद्दल असं लिहायची.

कार्तिकातली गोष्ट. दिल्लीहून कोणी मोठा माणूस जीपने येणार होता. दुपारी दीडला साहेबांनी गेणबाला उभं केलं, जाळ लागला, काटा शून्यावर बसला, आणि तेवढ्यात बाहेर जीपचा भोंगा वाजला. साहेब धावत गेले.

ते गेले ते गेलेच. पाहुण्याला घेऊन शेजारच्या कचेरीत बसले. चहा झाला. नकाशे उघडले.

आत जाळ चालूच.

दोन मिनिटं झाली. दहा झाली. चाचांचा हात खटक्यावर होता. खाली ओढला की संपलं. पण हुकमाशिवाय खटका ओढायचा नाही असं बजावलेलं. आणि काटा कधी नव्हे इतका शांत. आणि उजेड... चाचा म्हणायचे, तसा उजेड मी त्याआधी पाहिला नाही आणि पुढे कधी पाहिला नाही.

गेणबाने एकदाच विचारलं.

"सायेब?"

साहेब नव्हते. गेणबाला दिसत नव्हतं, त्याला ते कळलं नाही. चाचा बोलले नाहीत.

पाऊण तासाने साहेब पाहुण्याला घेऊन दारात आले. पाहुणा जाळ बघून वा वा म्हणाला. साहेबांनी खूण केली, चाचांनी खटका ओढला. पाहुणा गेला, आणि मग कुठे साहेबांचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं.

गेणबा उभा होता.

पाठ भिंतीला टेकलेली, पावलं खुणेत, डोळे उघडे.

मेलेला.

साहेबांनी नाडी पाहिली. मग चाचांना म्हणाले, "विहिरीवर पाणी काढताना चक्कर येऊन पडला. तूच जाऊन सांग त्याच्या घरी. तुझ्यावर त्यांचा विश्वास आहे."

चाचांनी जाऊन सांगितलं.

अंधार पडता पडता लोक तिरडी बांधत होते, तेव्हा रंभाबाई चाचांजवळ आली. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

"भाई, सांज झाली तरी अंग गरम हाय. जित्तं तर न्हाईत ना हे?"

चाचा नाही म्हणाले. वैनी, गेला तो, असं म्हणाले. आणि त्या गरम देहाला लोकांनी अग्नी दिला.

दहाव्याला मुळा नदीच्या काठी सगळे जमले. चाचा जरा अंतरावर दगडावर बसले होते. साहेबही आले होते, डोक्यावर हॅट घालून करंजाच्या सावलीत उभे. माणूस दुखवट्याला आला म्हणून गावाने त्यांचं कौतुक केलं.

पिंड ठेवला.

कावळे झाडावर होते. पाचपन्नास असतील. एकही खाली येईना.

गेणबाचा थोरला भाऊ कोंडाजी हात जोडून पुढे झाला. तुझ्या बायकोला अंतर देणार न्हाई, म्हणाला. कावळा हलला नाही. बैल विकणार न्हाई. देवाचा नवस फेडीन. वरच्या खाचराचा बांध घालीन. एकेक जण आठवून आठवून सांगत होता, काय राहिलं असेल त्या माणसाच्या मनात. ऊन चढलं. पिंडातला भात वाळायला लागला.

चाचांना ठाऊक होतं.

त्या गर्दीत फक्त त्यांना एकट्याला ठाऊक होतं, की गेणबाला बाजूला हो कोणी म्हटलंच नाही. तो अजून उभा आहे. ज्याने म्हणायचं तो माणूस वीस पावलांवर सावलीत उभा होता. चाचांनी उठून साहेबांच्या कानात एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगितलं की गेणबा विहिरीवर नाही, शेडमध्ये मेला, हे चारचौघांत उघडं पडणार होतं.

चाचा दगडावरून उठले नाहीत.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक घरी गेले. रंभाबाई मात्र बराच वेळ झाडाकडे बघत बसली होती.

आता तो गुरुवार.

पंधरा दिवस बंद असलेली शेड उघडली. कंडेन्सर अजून बंदरातच. गेणबा नाही, म्हणजे जाळ धड लागणार नाही, हे साहेबांनाही माहीत होतं. नुसतं यंत्र तपासू, म्हणाले. कोपऱ्यात पांढऱ्या रेघेची दोन पावलं. गोणपाट सुकून कडक झालेलं.

सव्वा वाजला. चाचांनी खटका वर केला आणि काटा उसळायची वाट पाहिली.

काटा... उसळला नाही.

थरथरला. आणि सावकाश... खाली येऊन शून्यावर बसला.

नळीतला उजेड गुलाबी झाला. निळा झाला. पांढराशुभ्र झाला.

कोपऱ्यात कोणी नव्हतं.

साहेबांनी पुढे होऊन मीटरवर टिचकी मारली. काटा पक्का. वायरी तपासल्या, टेबल सरकवलं, खिडकी उघडली, लावली. काटा तसाच. तेव्हा साहेबांच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. भिंतीला ओल आली असेल, म्हणाले. काही का असेना, जुळलंय ना.

तीन वाजता साहेब निघून गेले. चाचा एकटेच आवरत होते. पंप बंद होता. ट्रान्समीटर बंद होता. शेडमध्ये चिटपाखरू नव्हतं.

आणि त्यांना ऐकू आलं... कोणीतरी दमून श्वास सोडला.

चाचांनी कोपऱ्यापाशी गुडघे टेकले. पावलांच्या खुणेत हात ठेवला.

जमीन गरम होती. रेघेच्या आत गरम, बाहेर गार.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी भैरूला आणलं. भैरू नेरे गावचा मजूर, अंगापिंडाने गेणबासारखाच. आहे त्यात एक माणूसही उभा केला तर जाळ आणखी तापेल का, हे त्यांना बघायचं होतं. भैरूला शेडचं मागचं पुढचं काही माहीत नव्हतं. खुणेवर उभा राहा म्हटल्यावर तो गेला आणि एक पाय उचलून तसाच थांबला.

साहेब ओरडले, उभा राहा की.

भैरू वळला. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"जागा न्हाई सायेब हितं," तो म्हणाला. "कुणीतरी उभं हाय."

तो गेला तो परत आलाच नाही. टोपी विसरला होता, ती न्यायलाही आला नाही.

त्या दिवशी चाचांचा धीर सुटला. साहेब गेल्यावर त्यांनी कोपऱ्याकडे तोंड करून सांगून पाहिलं. गेणबा, बाजूला हो. माझ्या भावा, हो बाजूला, संपलं काम. खटका वर करून पाहिलं... काटा शून्यावरच. हुकूम एकाचाच चालणार होता.

मग त्यांनी साहेबांचे पाय धरले. अक्षरशः धरले, मी वाढवून सांगत नाही. सगळं सांगितलं. दहाव्याचा कावळा, गरम जमीन, भैरू. आणि म्हणाले, साहेब, तुम्ही एकदा नुसतं तोंडाने म्हणा. तुमचं काय जातंय?

चाचांना वाटलं होतं साहेब हसतील. अडाणी म्हणतील.

साहेब हसले नाहीत.

ते बराच वेळ परतीच्या काट्याकडे बघत राहिले. मग कोपऱ्याकडे बघितलं. चाचा म्हणायचे, त्या क्षणी साहेबांना पटलं. पूर्ण पटलं.

"समज, तो आहे," साहेब शांतपणे म्हणाले. "मग मी त्याला का सोडू? सोमवारी जाळ बघायला समिती येतेय."



साहेब दोन पावलं पुढे गेले. घसा साफ केला. आणि रिकाम्या कोपऱ्याला, रोजच्या आवाजात, म्हणाले,

"गेणबा, उभा राहा."

ट्रान्समीटर चालू नव्हता. तरी नळीत... एक निळी रेघ उमटून गेली.

समिती आली. जाळ असा लागला की पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. हे कसं साधलं म्हणून विचारलं तर साहेब म्हणाले, जुळणीचं कसब आहे. चार महिने रोज एक ते तीन साहेबांनी त्याला उभा ठेवला. उभा राहा म्हणायचे. बाजूला हो मात्र चुकूनही म्हणायचे नाहीत. एकदा चाचांशी बोलताना सवयीने ओठांवर आलं, तर त्यांनी तोंडावर हात दाबला. चाचांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. असल्या माणसाला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा, मी म्हटलं तर छापता यायचं नाही.

मग साहेबांना परदेशात मोठी जागा मिळाली. ते निघाले तेव्हा चाचांनी जीप अडवली. आता तरी म्हणा, म्हणून हात जोडले. साहेबांनी काच वर केली. पुढच्याच वर्षी ते तिकडे झोपेत वारले, अशी बातमी आली. चांगल्या माणसाला येतं तसलं मरण. यावर मी काही बोलत नाही.

आता जगात तो हुकूम देणारं कोणी उरलं नाही.

शेडला कुलूप लागलं. यंत्र उचलून न्यायची तारीख ठरली, किल्ली चाचांकडे. आणि तेव्हा, साल १९६६ च्या चैत्रात, चाचा घोटावड्याला रंभाबाईच्या दारात गेले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं बोलले. विहिरीचं खोटं, पाऊण तास, नदीवरचा दगड. काही लपवलं नाही.

ती सूप पाखडत होती. ऐकताना तिचे हात थांबले नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर तिने सूप खाली ठेवलं.

"दहाव्याला तू तिथंच हुतास. सायेब बी हुता," ती म्हणाली.

चाचांनी मान खाली घातली.

ती त्यांना शिव्या देईल, मारेल, असं त्यांना वाटलं होतं. तिने काहीच केलं नाही. उठून पदर खोचला आणि म्हणाली, चल. मग वाटेत तिने सांगितलं. भाताच्या राखणीला बसलेला माणूस बदली आल्याबिगर जागा सोडत नाही, ही त्यांच्या घरची रीत. सायेब मेला तर मेला. बायको बदलीला आली तर त्याला कोण अडवतंय?

दुपारचा एक वाजला होता. चाचांनी कुलूप काढलं. आत धूळ, कोळिष्टकं. कोपऱ्यातली रेघ मात्र स्वच्छ. तिच्यावर धूळ बसली नव्हती.

रंभाबाईने चपला बाहेर काढल्या. बरोबर आणलेलं तांब्याभर पाणी गोणपाटावर ओतलं आणि खुणेपुढे उभी राहिली.

"चालू कर," ती म्हणाली. "ते सुटले का न्हाई ते मला कळाया पायजे. काट्यावर कळंल म्हणतोस न्हवं?"

चाचांनी नाही नाही म्हणून पाहिलं. तिने नुसतं बघितलं त्यांच्याकडे. चाचांनी पंप लावला, वायू सोडला, आणि खटका वर केला. काटा शून्यावर. गेणबा जागेवर होता.

रंभाबाई म्हणाली, "अवो, मी आले बदलीला. निगा आता घरी."

आणि तिने खुणेवर पाय ठेवले.

ठरलं असं होतं, की गेणबा हटला तर क्षणभर काटा उसळेल. निदान हलेल. चाचा डोळ्यांत तेल घालून बघत होते. या एका क्षणासाठी ते दीड वर्ष धड झोपले नव्हते.

काटा... उसळला नाही.

तो शून्याच्याही खाली सरकला. जिथे आकडे नाहीत तिथे. खालच्या खिळ्याला जाऊन टेकला आणि वाकला.

गेणबा गेला नव्हता. आता ते दोघं होते.

चाचांनी खटका ओढला. रंभाबाईचं तोंड त्यांच्याकडे होतं, तिला मीटर दिसत नव्हतं. तिने विचारलं, सुटले का? आणि चाचांना त्या बाईच्या तोंडाकडे बघून खरं सांगवेना.

"सुटला वैनी," ते म्हणाले. "गेला गेणबा."

रंभाबाईने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो जरासा बाजूला झालेला होता, आणि मूठ अर्धी मिटलेली.

"मग माझा हात कुणी धरलाय?"

चाचा तिथून पळाले. पळालो, असंच ते म्हणायचे, दुसरा शब्द वापरायचे नाहीत. तीन वाजता भीत भीत परत आले, तर ती दाराशी पायात चपला घालत होती. उजव्या मनगटावर भाजल्याचा लाल पट्टा उठला होता. तुझं खोटं दुसऱ्यांदा पचवलं भाई, म्हणाली, आता तिसऱ्यांदा माझ्या दारात येऊ नकोस. एवढंच बोलून ती शेताच्या वाटेने निघून गेली.

यंत्र नेलं. पत्रे काढून नेले. भिंती पाडल्या. रंभाबाई पुढे तीन वर्षं जगली, आणि घोटावड्यातली जुनी माणसं सांगायची, की रोज दुपारी ती त्या मोकळ्या जागेवर जाऊन उभी राहायची. एक ते तीन. उजवा हात जरा बाजूला धरून. तिच्याही डोळ्यांत सारा आला होता. एकोणसत्तरच्या उन्हाळ्यात ती तिथेच सापडली. ती कशी सापडली ते कोणी मला धड सांगितलं नाही, आणि मीही खोदून विचारलं नाही.

चाचा शेवटपर्यंत दुपारी एकला जेवणावरून उठायचे, ताटात काही का असेना. भिंतीकडे तोंड करून बसायचे. एकदा मी विचारलं, चाचा, त्यात तुमचा काय दोष? हुकूम साहेबांचा होता.

"त्यानं सायेब म्हणून हाक मारली तेव्हा खोलीत मी होतो," चाचा म्हणाले. "मी ओ दिली असती, साहेब इथं नाहीत एवढं म्हटलं असतं, तरी तो सुटला असता रे."

चाचा गेले त्या वर्षी मी मोटारसायकल घेऊन ती जागा बघायला गेलो होतो. तिथे आता नुसतं माळरान आहे, गुरं चरतात. भर ऊन होतं. एका ठिकाणी गवत उगवलेलं नव्हतं, फार मोठी नाही, दोन माणसं शेजारी उभी राहतील एवढीच जागा. गुरं तिला वळसा घालून जात होती. घड्याळात एकला पाच कमी होते.

मी थांबलो नाही. खोटं कशाला बोलू, गाडीवरून खालीसुद्धा उतरलो नाही.